अपूर्ण सब्जंक्टिव्ह (स्पॅनिश व्याकरण)

अपूर्ण सब्जंक्टिव्ह (स्पॅनिश नाव : प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो दे सुब्हुन्तिबो) हे स्पॅनिश भाषेतील क्रियापदाचे एक रूप होय. एखादी क्रिया घडली, घडत होती किंवा घडेल अशी ग्वाही न देता वक्ता जेव्हा ती इच्छा, आज्ञा, शंका, भावना, हेतू किंवा निव्वळ कल्पना यांचा विषय म्हणून मांडतो, आणि मुख्य वाक्यातील क्रियापद बहुधा भूतकाळी असते, तेव्हा गौण वाक्यात हे रूप योजले जाते. ‘जर-तर’ स्वरूपाच्या असत्यकल्पित वाक्यांतही हेच रूप येते. नावात ‘भूतकाळ’ आणि ‘अपूर्ण’ असे दोन्ही शब्द असले, तरी हे रूप नेहमी भूतकाळच दाखवते असे नाही, आणि क्रिया अपूर्ण असल्याचेही सुचवत नाही. या रूपाचे खरे कार्य काळ दाखविणे हे नसून, क्रियेविषयी वक्त्याने घेतलेली भूमिका दाखविणे हे आहे.

प्रस्तुत लेखात मुख्यतः नियमित क्रियापदांचा विचार केला आहे. स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील प्रचलित उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत.

== संज्ञा ==

स्पॅनिश क्रियापदाचे इन्दिकातिबो, सुब्हुन्तिबो आणि इम्पेरातिबो असे तीन अर्थ मानले जातात. इन्दिकातिबो म्हणजे स्थूलमानाने मराठीतील स्वार्थ, तर इम्पेरातिबो म्हणजे आज्ञार्थ. सुब्हुन्तिबोला मात्र मराठीत एकच एक प्रतिशब्द देता येत नाही. त्याचे काही कार्य मराठीतील विध्यर्थ करतो, काही संकेतार्थ करतो आणि उरलेल्या ठिकाणी मराठी सरळ स्वार्थच वापरते. म्हणून या लेखात ‘सब्जंक्टिव्ह’ ही रूढ संज्ञाच कायम ठेवली आहे.

स्पेनमधील राजभाषा अकादमीच्या (रेआल अकादेमिया एस्पान्योला, स्थापना १७१३) व्याकरणात या रूपाला वर दिलेले लांब नाव आहे. व्हेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत कार्य केलेले व्याकरणकार आन्द्रेस बेयो यांनी १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात त्याला सब्जंक्टिव्हचा ‘प्रेतेरितो’, म्हणजे नुसता ‘भूत’, असे म्हटले आहे. या रूपात पूर्ण आणि अपूर्ण असा भेद होत नाही, हे लक्षात घेता बेयो यांची संज्ञा अधिक नेमकी ठरते.

== रूपसिद्धी ==

स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूपाच्या शेवटावरून ‘-आर’, ‘-एर’ आणि ‘-इर’ असे तीन गण पडतात. अपूर्ण सब्जंक्टिव्ह सिद्ध करण्याचा नियम तिन्ही गणांना सारखाच आहे :

१. क्रियापदाचे साध्या भूतकाळातील तृतीय पुरुषी अनेकवचनी रूप घ्यावे.
२. त्याच्या शेवटचा ‘-रोन’ काढून टाकावा.
३. उरलेल्या अंगाला ‘-रा’ किंवा ‘-से’ या मालेतील प्रत्यय लावावेत.

उदा. आब्लार (बोलणे) याचे ‘ते बोलले’ या अर्थाचे रूप आब्लारोन. त्यातील ‘-रोन’ गेल्यावर ‘आब्ला-’ हे अंग उरते आणि त्यापासून आब्लारा किंवा आब्लासे ही रूपे होतात. त्याचप्रमाणे कोमेर (खाणे), कोम्येरोन, कोम्येरा. आणि बिबिर (राहणे, जगणे), बिब्येरोन, बिब्येरा. ‘-एर’ आणि ‘-इर’ या गणांची रूपे येथे एकसारखीच होतात. त्यामुळे प्रत्यक्षात दोनच नमुने लक्षात ठेवावे लागतात.

‘-रा’ मालेतील रूपे :

| पुरुष व वचन | आब्लार | कोमेर | बिबिर |
|---|---|---|---|
| यो (मी) | आब्लारा | कोम्येरा | बिब्येरा |
| तू (तू) | आब्लारास | कोम्येरास | बिब्येरास |
| एल, एया, उस्तेद (तो, ती, आपण) | आब्लारा | कोम्येरा | बिब्येरा |
| नोसोत्रोस (आम्ही) | आब्लारामोस | कोम्येरामोस | बिब्येरामोस |
| बोसोत्रोस (तुम्ही) | आब्लाराइस | कोम्येराइस | बिब्येराइस |
| एयोस, उस्तेदेस (ते, आपण सर्व) | आब्लारान | कोम्येरान | बिब्येरान |

‘-से’ मालेतील रूपे याच अंगांना -से, -सेस, -से, -सेमोस, -सेइस, -सेन हे प्रत्यय लावून होतात : आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन, तसेच कोम्येसे, बिब्येसे इत्यादी.

प्रथम पुरुषी आणि तृतीय पुरुषी एकवचनी रूपे सारखीच असल्याने, संदर्भावरून अर्थ स्पष्ट होत नसेल तेथे ‘यो’, ‘एल’ किंवा ‘एया’ हे सर्वनाम उघडपणे योजावे लागते. ‘बोसोत्रोस’चे रूप मुख्यतः स्पेनमध्ये वापरात आहे, लॅटिन अमेरिकेत त्याची जागा ‘उस्तेदेस’ने घेतली आहे. अर्जेंटिनासारख्या देशांत ‘तू’ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम वापरतात. परंतु या रूपात त्याने फरक पडत नाही, ‘बोस’बरोबरही आब्लारास हेच रूप येते.

हा नियम अनियमित क्रियापदांनाही लागू पडतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. साध्या भूतकाळात जो अनियमितपणा असेल, तोच येथे पुढे चालतो. उदा. देसिर (सांगणे), दिहेरोन, दिहेरा. दोर्मिर (झोपणे), दुर्म्येरोन, दुर्म्येरा. सेर (असणे) आणि इर (जाणे) या दोन्ही क्रियापदांचे फ्वेरोन, फ्वेरा. म्हणून साधा भूतकाळ पक्का झालेल्या विद्यार्थ्याला या रूपासाठी वेगळे पाठांतर जवळजवळ करावे लागत नाही.

== आघाताचे महत्त्व ==

‘-रा’ मालेतील रूपांत आघात प्रत्ययावर नसून त्याच्या आधीच्या अक्षरावर असतो. आब्लारा या शब्दात तो ‘ब्ला’वर आहे. हाच आघात शेवटच्या ‘रा’वर गेला, तर तो शब्द भविष्यकाळाचा होतो आणि ‘तो बोलेल’ असा अर्थ देतो. स्पॅनिश लेखनात भविष्यकाळी रूपाच्या अंत्य स्वरावर तिरकी रेघ देतात, सब्जंक्टिव्ह रूपावर देत नाहीत. एवढ्याशा रेघेने वाक्याचा अर्थ पालटतो. ‘दिहो के आब्लारा’ या वाक्यात आघात ‘ब्ला’वर असेल, तर ‘त्याने (दुसऱ्या कोणास) बोलावयास सांगितले’ असा अर्थ होतो. ‘रा’वर असेल, तर ‘तो बोलेल असे तो म्हणाला’ असा होतो. पहिले वाक्य आज्ञा कळवते, दुसरे नुसती माहिती. देवनागरी लिप्यंतरात हा भेद दिसत नाही, म्हणून मराठी वाचकाने तो कानाने आत्मसात करणे आवश्यक आहे.

‘नोसोत्रोस’च्या रूपात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो (आब्लारामोसमध्ये ‘ब्ला’वर), आणि स्पॅनिश शुद्धलेखनाच्या नियमानुसार तेथे रेघ लिहावीच लागते. संपूर्ण रूपावलीत रेघ घेणारे रूप हे एवढेच.

== ‘-रा’ आणि ‘-से’ ==

सब्जंक्टिव्हच्या सर्व उपयोगांत या दोन मालांचा अर्थ एकच आहे आणि त्या परस्परांच्या जागी येऊ शकतात. वापराच्या प्रमाणात मात्र फरक आहे. ‘-रा’ सर्वत्र अधिक प्रचलित असून लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात जवळपास तीच ऐकू येते. ‘-से’ स्पेनमध्ये बोलण्यातही आढळते. इतरत्र ती बहुतांशी औपचारिक व वाङ्मयीन लेखनापुरती उरली आहे. शिकणाऱ्याने ‘-रा’ वापरावी आणि ‘-से’ ओळखता येईल एवढी तयारी ठेवावी, हे व्यवहारात पुरेसे होते.

दोन ठिकाणी मात्र ‘-रा’च्या जागी ‘-से’ प्रमाण भाषेत चालत नाही. पहिले ठिकाण म्हणजे मुख्य वाक्यातील सौजन्यपर प्रयोग. उदा. ‘उस्तेद देब्येरा देस्कान्सार’ (आपण विश्रांती घ्यावी हे बरे). येथे देबेर या नियमित क्रियापदाचे रूप सल्ल्याची धार बोथट करते. दुसरे ठिकाण म्हणजे वृत्तपत्रीय व अलंकारिक गद्यात ‘-रा’ रूप ‘केले होते’ अशा पूर्ण भूतकाळाच्या अर्थाने येते ते. हा जुन्या प्रयोगाचा अवशेष असून त्याचे मूळ पुढे इतिहासात दिले आहे.

== उपयोग ==

=== इच्छा, आज्ञा व विनंती ===

‘देसेआबा के मारिया आब्लारा’ म्हणजे ‘मारियाने बोलावे अशी त्याची इच्छा होती’. मुख्य वाक्याचा आणि गौण वाक्याचा कर्ता वेगळा असेल, तेव्हाच ही रचना करतात. कर्ता एकच असेल, तर क्रियापदाचे मूळ रूप येते : ‘देसेआबा आब्लार’ (त्याला बोलायचे होते).

‘देसिर’ या क्रियापदानंतर अर्थभेद विशेष ठळकपणे दिसतो. ‘दिहो के कोमिया’ म्हणजे ‘आपण जेवत आहोत, असे तो म्हणाला’. ‘दिहो के कोम्येरा’ म्हणजे ‘त्याने (दुसऱ्याला) जेवावयास सांगितले’. मुख्य क्रियापद तेच, ‘के’ हे उभयान्वयी अव्ययही तेच. सांगणे हे वृत्त आहे की आज्ञा, हे केवळ गौण क्रियापदाच्या रूपावरून ठरते.

=== शंका व नकार ===

‘क्रेओ के आब्लो’ म्हणजे ‘तो बोलला असे मला वाटते’. येथे वक्ता आपले मत म्हणून का होईना, पण विधान करतो. ‘नो क्रेओ के आब्लारा’ म्हणजे ‘तो बोलला असे मला वाटत नाही’. विधान मागे घेतले जाताच क्रियापदही सब्जंक्टिव्हमध्ये जाते. येथे मुख्य क्रियापद वर्तमानकाळी आहे, तरी शंका भूतकाळातील घटनेविषयी असल्यामुळे अपूर्ण सब्जंक्टिव्ह आले आहे.

=== भावना ===

‘मे आलेग्रो के आब्लारा’ म्हणजे ‘ती बोलली याचा मला आनंद झाला’. येथे ती खरोखरच बोललेली आहे. शंकेला जागा नाही. तरीही सब्जंक्टिव्ह येते, कारण ती बोलली ही बातमी देणे हा वाक्याचा हेतू नाही. आनंद झाला, हे सांगणे हा हेतू आहे. म्हणूनच ‘सब्जंक्टिव्ह म्हणजे अनिश्चितता’ ही पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळणारी व्याख्या अपुरी पडते.

=== हेतू व काळ दाखविणारी गौण वाक्ये ===

‘पारा के’ (म्हणून, यासाठी की) नंतर सब्जंक्टिव्ह नेहमीच येते : ‘आब्लो देस्पास्यो पारा के कोम्प्रेन्द्येरान’ (त्यांना समजावे म्हणून ती सावकाश बोलली). त्यांना समजले की नाही, हे वाक्य सांगत नाही.

‘आन्तेस दे के’ (पूर्वी) नंतरही तसेच : ‘साल्यो आन्तेस दे के यो येगारा’ (मी पोहोचण्यापूर्वी तो निघून गेला). तो निघाला त्या क्षणी माझे पोहोचणे अद्याप घडायचे होते, म्हणून हे रूप.

=== संबंधी वाक्ये ===

‘बुस्काबा आ ला पेर्सोना के आब्लाबा केच्वा’ या वाक्यात क्वेचुआ भाषा बोलणारी एक विशिष्ट, माहीत असलेली व्यक्ती शोधली जात आहे. ‘बुस्काबा उना पेर्सोना के आब्लारा केच्वा’ या वाक्यात क्वेचुआ बोलणारी कोणीही व्यक्ती चालणार आहे आणि तशी कोणी सापडेलच याची खात्री नाही. मराठीत हा भेद ‘ती’ आणि ‘एखादी’ अशा शब्दांनी दाखवतात. स्पॅनिशमध्ये क्रियापदही तो दाखवते.

=== संकेत ===

‘सि’ (जर) ने सुरू होणाऱ्या वाक्यांत दोन पातळ्या स्पष्ट वेगळ्या असतात.

* शक्य कोटीतील अट : ‘सि बिबे एन लिमा, आब्ला एस्पान्योल’ (तो लिमामध्ये राहत असेल, तर स्पॅनिश बोलत असणार).
* कल्पित अट : ‘सि बिब्येरा एन लिमा, आब्लारिया एस्पान्योल’ (तो लिमामध्ये राहत असता, तर स्पॅनिश बोलला असता).

दुसऱ्या वाक्यात ‘सि’च्या वाक्यांशात अपूर्ण सब्जंक्टिव्ह, तर फल सांगणाऱ्या वाक्यांशात कोन्दिस्योनाल (आब्लारिया) हे रूप येते. या वाक्याचा काळ वर्तमान आहे : तो आज लिमामध्ये राहत नाही. भूतकाळातील असत्यकल्पित अट सांगायची असल्यास आबेर या साहाय्यक क्रियापदाचे उब्येरा हे रूप घेऊन त्यापुढे धातुसाधित ठेवतात : ‘सि उब्येरा बिबिदो एन लिमा’ (तो लिमामध्ये राहिला असता, तर).

‘कोमो सि’ (जणू) नंतर मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असले तरी हेच रूप लागते : ‘आब्ला कोमो सि बिब्येरा एन लिमा’ (लिमामध्येच राहत असल्यासारखा तो बोलतो).

‘आउन्के’ (जरी) नंतर कल्पना अभिप्रेत असेल तर हेच रूप घेतात : ‘आउन्के कोम्येरा पोको, एन्गोर्दारिया’ (त्याने कमी खाल्ले, तरीही तो जाड झाला असता).

=== ओहाला ===

‘ओहाला’ हा शब्द स्पेनमधील अरबी भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी ‘ईश्वराची इच्छा असती तर’ अशा अर्थाचे पद आहे. ‘ओहाला येगे’ (तो पोहोचो) यात वर्तमान सब्जंक्टिव्ह असून इच्छा पुरी होण्याची आशा आहे. ‘ओहाला येगारा’ (तो पोहोचता तर!) यात अपूर्ण सब्जंक्टिव्ह असून आशा दुरावलेली आहे. दोन्ही वाक्ये पुढे घडावयाच्या क्रियेविषयीच असू शकतात. अंतर काळाचे नसून शक्यतेचे आहे.

== काळांची संगती ==

मुख्य क्रियापद वर्तमान किंवा भविष्यकाळी असेल, तर गौण वाक्यात बहुधा वर्तमान सब्जंक्टिव्ह येते. ते भूतकाळी किंवा कोन्दिस्योनाल रूपात असेल, तर अपूर्ण सब्जंक्टिव्ह येते. उदा. ‘देसेआ के मारिया आब्ले’ (मारियाने बोलावे अशी त्याची इच्छा आहे) आणि ‘देसेआबा के मारिया आब्लारा’ (अशी त्याची इच्छा होती).

इन्दिकातिबोमधील तीन वेगवेगळ्या रूपांचे काम हे एकच रूप करते. आब्लो (तो बोलला), आब्लाबा (तो बोलत असे) आणि आब्लारिया (तो बोलेल, असे तेव्हा वाटत होते) ही तिन्ही रूपे नकारार्थी ‘नो क्रेइया के’ (मला वाटत नव्हते की) या शब्दांनंतर आब्लारा अशीच होतात. वक्ता क्रियेची ग्वाहीच देत नसल्याने ती पूर्ण होती की अपूर्ण, हा तपशील मागे पडतो.

पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना इत्यादी देशांच्या बोलभाषेत भूतकाळी मुख्य क्रियापदानंतरही वर्तमान सब्जंक्टिव्ह ऐकू येते (‘देसेआबा के आब्ले’). औपचारिक लेखनात मात्र वरील संगतीच पाळली जाते.

== मराठीशी तुलना ==

मराठीत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. अपूर्ण सब्जंक्टिव्हचा प्रदेश मराठीत असा विभागला जातो :

* इच्छा, आज्ञा आणि हेतू : विध्यर्थ (‘तिने बोलावे’).
* कल्पित अट : संकेतार्थ (‘तो राहत असता, तर’).
* ‘पूर्वी’, ‘जणू’ इत्यादी : धातुसाधिते (‘पोहोचण्यापूर्वी’, ‘असल्यासारखा’).
* शंका, नकार आणि भावना : स्वार्थ (‘तो बोलला असे वाटत नाही’, ‘ती बोलली याचा आनंद झाला’).

पहिल्या दोन गटांत मराठी भाषकाला आपल्या भाषेचा आधार मिळतो. ‘-वे’ किंवा ‘असता’ आले, की स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्हचा विचार करावा, हा ठोकताळा तेथे बहुतेक वेळा उपयोगी पडतो. चूक होते ती मुख्यतः शेवटच्या गटात, कारण तेथे मराठी क्रियापद आपले रूप बदलत नाही.

== इतिहास ==

‘-रा’ आणि ‘-से’ ही दोन रूपे लॅटिनमधील दोन निरनिराळ्या रूपांपासून आली आहेत. ‘आमावेराम’ (मी प्रेम केले होते) या स्वार्थी पूर्ण भूतकाळापासून आमारा झाले, तर ‘आमाविस्सेम’ या सब्जंक्टिव्ह पूर्ण भूतकाळापासून आमासे झाले. लॅटिनचे मूळ अपूर्ण सब्जंक्टिव्ह (‘आमारेम’) स्पॅनिशमध्ये टिकले नाही. ‘आमावेरुन्त’ या रूपापासून आमारोन (त्यांनी प्रेम केले) हे साध्या भूतकाळाचे रूप आले. ही तिन्ही रूपे लॅटिनमधील एकाच अंगावर उभी आहेत. म्हणूनच साध्या भूतकाळातील अनेकवचनी रूपातून ‘-रोन’ काढण्याचा नियम अपवादावाचून चालतो. तो केवळ पाठांतराची सोय म्हणून रचलेला नाही.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘-रा’ रूपाचा ‘केले होते’ हा मूळ अर्थ प्रचारात होता. असत्यकल्पित संकेतवाक्यांतून ते हळूहळू सब्जंक्टिव्हच्या प्रांतात शिरले आणि अखेरीस ‘-से’हून प्रबळ झाले. पोर्तुगीज भाषेत हा बदल पूर्ण झाला नाही : तेथे ‘-रा’ अद्याप पूर्ण भूतकाळाचे वाङ्मयीन रूप आहे आणि अपूर्ण सब्जंक्टिव्हसाठी लॅटिनच्या ‘-स्सेम’पासून आलेले रूपच वापरतात. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या वाचकांना स्पॅनिशमधील ‘-रा’ प्रथम बुचकळ्यात टाकते, त्याचे कारण हेच होय.

स्पॅनिशमध्ये आब्लारे यासारखे भविष्य सब्जंक्टिव्हही होते. आज ते कायद्याच्या भाषेत आणि काही म्हणींतच आढळते.

== नेहमीच्या चुका ==

* ‘सि’नंतर कोन्दिस्योनाल वापरणे : ‘सि बिबिरिया’. बास्क प्रदेश आणि उत्तर स्पेनच्या काही भागांतील बोलीत हा प्रयोग आढळतो. प्रमाण भाषेत तो अशुद्ध मानला जातो.
* संकेतवाक्यात ‘सि’नंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह वापरणे : ‘सि बिबा’. शक्य अटीसाठी वर्तमान इन्दिकातिबो आणि कल्पित अटीसाठी अपूर्ण सब्जंक्टिव्ह हेच दोन पर्याय आहेत.
* आघात शेवटच्या अक्षरावर देऊन सब्जंक्टिव्हचे भविष्यकाळी रूप करणे.
* नावातील ‘प्रेतेरितो’ या शब्दावरून प्रत्येक वाक्याचे भाषांतर भूतकाळात करणे. ‘सि बिब्येरा एन लिमा’ हे वाक्य आजविषयी आहे आणि ‘ओहाला येगारा’ उद्याविषयी असू शकते; काळ ठरविताना क्रियापदाच्या नावाकडे न पाहता संपूर्ण वाक्याकडे पाहावे लागते.